बुलेट ट्रेन पुण्यातून जाणार: सांगली-साताऱ्यात बसून त्याचा फायदा कसा करून घ्यावा

अर्थसंकल्पात अतिजलद रेल्वेमार्गांची नावं आली आणि आठवडाभर माझा फोन थांबेना. मी मिरजेत बँक कर्जाचे प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो. रेल्वेतलं मला किती कळतं हा भाग वेगळा, पण लोक विचारतात. "दादा, लाईन वाळव्याकडनं जाणार म्हणतात, चार गुंठे घेऊन ठेवू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: नको. आधी हे वाचा.

पहिली पायरी: नकाशा बघा, मग खिशाला हात घाला

२०२६-२७ च्या अर्थसंकल्पात सात अतिजलद मार्ग जाहीर झाले. त्यातले आपल्या जवळचे दोन, मुंबई-पुणे आणि पुणे-हैदराबाद. त्याआधी मुंबई-हैदराबाद असा ७११ किलोमीटरचा मार्ग अभ्यासाला घेतला होता, तोही पुण्याहून सोलापूरकडे वळणारा. सातारा, कराड, सांगली यांची नावं यात नाहीत. मार्ग पक्का होईपर्यंत आपण स्टेशन म्हणून पुणेच धरून चालू.

आता वेळेचा हिशेब. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्याचं भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं आणि काम अजून चालू आहे. म्हणजे आज जाहीर झालेल्या मार्गावर गाडी धावायला किती वर्षं लागतील, याचा अंदाज तुम्हीच बांधा. तोवर 'प्रस्तावित स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणून विकलेल्या प्लॉटचं व्याज तुम्ही भरत बसाल.

आणखी एक गैरसमज निधीचा. मुंबई-अहमदाबाद प्रकल्पाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. त्यातला मोठा वाटा जपानचं कर्ज, ०.१ टक्के व्याजाचं, ५० वर्षांत फेडायचं. महाराष्ट्राचा वाटा ५ हजार कोटी. हा पैसा रूळ, पूल आणि डब्यांचा आहे. 'बुलेट ट्रेन विकास निधीचा फॉर्म' म्हणून कुणी पाचशे रुपयांना कागद विकत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दुसरी पायरी: गाडी काय आणते ते ओळखा

अतिजलद गाडी माणसं नेते, माल नेत नाही. द्राक्षाची पेटी तिच्यात चढणार नाही. आपला माल जाणार तो आपल्याच पुणे-मिरज लाईनवरून किंवा ट्रकने. म्हणून धंदा निवडताना दोन खाती वेगळी ठेवा: पुण्यापर्यंत झटकन येणारा माणूस, आणि इथून बाहेर जाणारा टिकाऊ माल.

रेल्वेकाठी धंदा कसा उभा राहतो हे आपल्याला नवं नाही. १९१० साली लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. त्या माळावर निवडुंगच जास्त. पण बाजूला स्टेशन होतं, लोखंड उतरवता येत होतं आणि नांगर चढवता येत होते. आज त्या स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली कोल्हापूर-पुणे वंदे भारत तिथे थांबते. जमीन, बिनव्याजी पैसा, स्टेशन आणि तयार नांगर. या चारांतली पहिली तीन कुणीही देऊ शकतं, चौथं लक्ष्मणरावांनी स्वतः बरोबर आणलं होतं.

सातारकरांचं गणित थोडं वेगळं. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीला. उतरलेल्या पाहुण्याला वाई, महाबळेश्वर, कासकडे कोण आणि किती भाड्यात नेणार, हाच तिथला धंदा आहे. घरगुती निवास, गाडी, जेवण. महिलेच्या नावाने पर्यटनाचा व्यवसाय असेल तर राज्याच्या 'आई' धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं. त्याला १२ टक्के दर, सात वर्षं आणि एकूण साडेचार लाख अशा मर्यादा आहेत. हप्ते वेळेवर गेले तरच.

तिसरी पायरी: नावाजलेला माल घ्या

सांगलीचा बेदाणा, सांगलीची हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, या सगळ्यांना भौगोलिक मानांकन आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला नाव सांगून विकता येतो असा माल हाताशी असताना लोक फ्लेक्स छपाईचं तिसरं दुकान काढतात, हे मला कळत नाही.

बेदाण्याचंच उदाहरण घेऊ. पलूसजवळ धुणं, प्रतवारी आणि पाव किलोचं पॅकिंग असं युनिट टाकायचं. शेड आणि यंत्रं मिळून २० लाख. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. आपलं अनुदान ७ लाख, स्वतःचे १० टक्के म्हणजे २ लाख, बँक देणार १८ लाख. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात तीन वर्षं पडून राहतं, मात्र तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. म्हणजे व्याज चालतं १८ वजा ७, ११ लाखांवर. अकरा टक्के दर आणि पाच वर्षं धरली तर महिन्याला साधारण २४ हजार हप्ता.

इथवर सगळे खूश असतात. मी मग विचारतो, बेदाणा कशाने घेणार? तो उन्हाळ्यात एकदम बाजारात येतो, विकत घेऊन वर्षभर शीतगृहात ठेवावा लागतो. किलोला १५० रुपये धरले तरी दहा टनांना १५ लाख लागले. यंत्राला २० आणि मालाला १५! हे खेळतं भांडवल रिपोर्टात दाखवलं नाही, तर यंत्र झाकून ठेवायला ताडपत्री तेवढी घ्यावी लागते. दहातल्या सात फायली इथेच लंगड्या असतात. म्हणून यंत्राच्या मुदत कर्जासोबतच माल खरेदीसाठी कॅश क्रेडिट (लागेल तसे काढायचे आणि भरायचे पैसे) मागा, नंतर मागू म्हणू नका.

चौथी पायरी: योजना जुळवा

एकाच खर्चावर दोन अनुदानं मिळत नाहीत, म्हणून आधीच निवडा. नवाच धंदा आणि तो खाण्यापिण्याचा नसेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान; महिला, मागास प्रवर्ग वगैरेंना २५ आणि ३५. गावात टाकलेलं युनिट सरळ दहा टक्क्यांनी फायद्यात जातं, तेव्हा सांगली शहरात माधवनगर रोडला भाड्याच्या गाळ्याचा हट्ट नको. छोटं काम असेल तर बँकेचं मुद्रा कर्ज: शिशू ५० हजार, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्याला २० लाख. गोदाम किंवा शीतगृह असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधी, २ कोटींपर्यंत व्याजात ३ टक्के सूट. या योजनांच्या मुदती संपतात, वाढतात. अर्ज भरण्याच्या दिवशी अन्नप्रक्रिया आणि गोदामासाठी कृषी अधीक्षक कार्यालयात, रोजगार कार्यक्रमासाठी उद्योग केंद्रात आणि मुद्रासाठी बँकेत जाऊन चालू परिपत्रक बघून घ्या.

पाचवी पायरी: कागद

सातबारा, आठ-अ आणि वारस नोंद. आजोबांचं नाव अजून उताऱ्यावर असेल तर आजच तलाठ्याकडे जा. याचा उपयोग फक्त कर्जाला नाही. रेल्वेच्या दुहेरीकरणाला किंवा कशालाही जमीन गेली, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे बाजारमूल्याला ग्रामीण भागात गुणक (किंमत जितक्या पटीने धरायची तो आकडा) लागतो आणि वर तेवढीच दिलासा रक्कम मिळते. पण ती उताऱ्यावरच्या नावाला मिळते. भाऊबंदांची सही अडली की पैसे कोर्टात जमा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट आहे. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या जुन्या कर्ज-हप्त्यांचा लेखाजोखा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बँकेच्या आधी तुम्ही बघा. माझ्या एका पक्षकाराचं कर्ज १,१०० रुपयांच्या जुन्या मोबाईल हप्त्यामुळे दोन महिने लटकलं होतं.

कोटेशनवर तारीख, जीएसटी क्रमांक आणि शिक्का बघून घ्या. माझीच पहिली फाईल एका बँकेने तारीख नाही म्हणून परत केली, आणि तेही पाच आठवडे ठेवून.

सहावी पायरी: बँकेत

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाच्या किमान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही. साहेबांनी घराचा उतारा मागितला तर हे नम्रपणे सांगा आणि नकार असेल तर लेखी मागा. लेखी म्हटल्यावर सूर बदलतो, हा अनुभव आहे.

सातवी पायरी: कर्ज घेण्याआधी माल चढवून बघा

हे खरं तर सगळ्यात आधी करायचं, पण कुणी करत नाही म्हणून शेवटी लिहितो. सांगली किंवा मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन १५ किलोच्या दोन पेट्या पुण्याला पाठवा. भाडं किती, किती वाजता आणायला सांगतात, तिकडे सोडवायला कोण आणि किती हमाली घेतो, हे वहीत लिहा. मग तेच ट्रान्सपोर्टने करा. स्टेशनवर 'एक स्थानक एक उत्पादन' योजनेचा स्टॉल पाळीपाळीने, थोड्या मुदतीसाठी मिळतो. कारागीर आणि बचत गटांना प्राधान्य असतं, चौकशी स्टेशन व्यवस्थापकाकडे करायची. पंधरा दिवस तिथे पाव किलोची पाकिटं विका. कोल्हापूर-पुणे ३२६ किलोमीटरला सव्वापाच तासांच्या आसपास घेणाऱ्या वंदे भारतचा प्रवासी दीडशेचं पाकीट उचलतो की नव्वदचं, तेवढं कळलं की रिपोर्टातला विक्रीचा आकडा मला अंदाजाने टाकावा लागत नाही. ती वही घेऊन या.