दुष्काळामुळे कत्तल झाली का? नवाश्मयुगीन दफनखड्डा तपासण्याची रीत

दुष्काळ पडला, धान्य संपलं आणि गावं एकमेकांवर तुटून पडली, असं नवाश्मयुगाबद्दल, म्हणजे शेती सुरू झालेल्या दगडी हत्यारांच्या काळाबद्दल, सर्रास लिहिलं जातं. हे पडताळायचं तर हवामान शेवटी बघा, आधी हाड हातात घ्या. उदाहरणाला जर्मनीतल्या टालहाइमचा खड्डा घेऊ. तो १९८३मध्ये सापडला, काळ सुमारे इ.स.पू. ५०००. आत ३४ सांगाडे, त्यांतली १६ मुलं.

कवटीच्या भेगेची कड भिंगाखाली धरा. ताजं हाड फुटलं असेल तर कड गुळगुळीत, तिरकी आणि बाहेरच्या भागासारखीच मातकट असते. वाळलेलं हाड काटकोनात, खरबरीत तुटतं. उत्खननात कुदळ लागली असेल तर कड पांढुरकी दिसते. कड गोलसर होऊन नवं हाड धरलं असेल, तर तो माणूस घाव सोसून जगला होता. टालहाइमचे घाव दगडी वाकसांच्या (लाकूड तासायच्या हत्यारांच्या) पात्यांशी जुळतात, आणि ही वाकसं तिथल्याच शेतकऱ्यांची. मारणारे परके नव्हते, याचा हा भक्कम पुरावा आहे.

कापल्याची प्रत्येक खूण मात्र हिंसेची नसते. पुणे जिल्ह्यातल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं असलेल्या काळातल्या) इनामगावात प्रौढांना घोट्याखाली पाय तोडून पुरलेलं आढळतं. तो अंत्यविधीचा भाग होता.

मग कालमापन, म्हणजे हाडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं. अर्धा ते एक ग्रॅम हाड पुरतं. कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, एक टक्क्याहून कमी निघालं तर तो नमुना सोडून द्या. सगळ्यात मोठा घोळ पुढे होतो. प्रयोगशाळा ६१०० कार्बन-वर्षं (१९५०पासून मागे मोजलेली) असं वय देते आणि लोक त्यातून सरळ १९५० वजा करून इ.स.पू. ४१५० लिहून मोकळे होतात. कॅलिब्रेशन, म्हणजे झाडांच्या वलयांसारख्या पक्क्या तारखांशी ताडून दुरुस्ती, केल्यावर तेच वय इ.स.पू. ५०००च्या आसपास येतं. साडेआठशे वर्षांची चूक!

आता हवामान. इ.स.पू. ६२००च्या सुमाराला थंडीचा मोठा झटका आला, पण तो टालहाइमच्या हजारेक वर्षं आधीचा. त्याला इथे ओढू नका. खड्ड्याच्या तारखेत शंभर वर्षांची ढील असेल, तर दहा वर्षांचा दुष्काळ तिच्यात कुठेही बसवता येतो, म्हणजे सिद्ध काहीच होत नाही. त्याच खोऱ्यातल्या वृक्षवलयांची (झाडाच्या खोडात वर्षाला एक पडणाऱ्या वलयांची) नोंद मिळाली तरच तुलना करा, आणि त्याच थरांत घरांची बांधणी व खापरं बदलली का, तेही शेजारी मांडा.