मागे चिकटणारा, मधे घुसणारा, समोरून अंगावर येणारा: रस्त्यावर आपली जागा कशी राखायची

कोणी कट मारून पुढे गेलं की आपली नजर त्या गाडीच्या मागे धावते. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी दर सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. तीन सेकंद त्याच्याकडे बघत दात-ओठ खाल्ले, की पन्नास मीटर रस्ता आपण न बघताच पार केलेला असतो. चूक त्याची असते, पण त्या पन्नास मीटरांत कोणी आडवं आलं तर धडक आपली गाडी देणार.

‘राग आवरा’ हा सल्ला बरोबर असला तरी त्यानं भागत नाही. रस्त्यावरचा राग बहुतेक वेळा भीतीतून येतो, आणि भीती वाटते कारण आपल्या भोवतीची मोकळी जागा कुणीतरी खाल्लेली असते. म्हणून समोरच्याला धडा शिकवण्याच्या नादी न लागता गेलेली जागा परत कशी मिळवायची, एवढंच बघा. जागा मिळाली की निम्मा राग तिथेच ओसरतो.

पुढची जागा

पुढची गाडी एखादा खांब, फलक किंवा झाडाची सावली ओलांडेल तेव्हा मोजायला लागा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. ‘एकशे तीन’ म्हणून होण्याआधी तुम्ही त्याच खुणेपाशी पोचलात तर अंतर कमी आहे. मीटरमध्ये अंदाज घेण्यापेक्षा सेकंद मोजणं सोपं, कारण वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं.

तीनच सेकंद का? धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. ताशी 80 च्या वेगात दीड सेकंदात गाडी 33 मीटर गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, आणखी साधारण 35 मीटर लागतात. एकूण 68. तीन सेकंदांत जवळजवळ तेवढंच अंतर मिळतं. ताशी 40 ला हीच बेरीज 26 मीटरच्या आसपास येते. वेग दुप्पट झाला, पण नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट झालं, हे लक्षात ठेवा. ओल्या रस्त्यावर सेकंद दुप्पट करा. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच साधारण 1.6 मिलिमीटर उरलेली असते, आणि असा टायर पाणी नीट बाहेर फेकू शकत नाही. तो पाण्यावर तरंगायला लागला की स्टिअरिंग हातात हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर हळू सोडा.

यावर नेहमीची तक्रार असते, ‘एवढी जागा ठेवली तर लोक मधे घुसतात.’ घुसतातच. घुसू द्या. एक गाडी मधे आली आणि तुम्ही तिच्यामागे पुन्हा तीन सेकंद ठेवले, तर तुमचं नुकसान फार तर तीन सेकंदांचं. दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट. अंतर परत मिळवायला ब्रेक लागत नाही. ॲक्सिलरेटर जरासा सोडून वेग ताशी 5 किलोमीटरनं कमी ठेवला की अर्ध्या मिनिटात चाळीसेक मीटर जागा तयार होते. अंतर दाबून धरणारा प्रत्येक घुसखोरीला ब्रेक मारतो, मागच्यालाही मारायला लावतो, आणि थकून पोचतो. वेळेचा हिशोबही एकदा कागदावर मांडून बघा: 20 किलोमीटरला ताशी 60 नं 20 मिनिटं लागतात, ताशी 70 नं 17. मधल्या सिग्नलना त्यातलीही काही मिनिटं जातात.

मागे चिकटलेली गाडी

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारा प्रकार हाच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

मागचा अर्ध्या सेकंदावर आला असेल तर ताशी 80 ला तुमच्या आणि त्याच्यामध्ये 11 मीटर आहेत. त्याचा पाय ब्रेकवर पोचायलाच त्या अर्ध्या सेकंदाच्या निदान दुप्पट वेळ लागतो. त्याला घाबरवायला तुम्ही ब्रेक मारलात तर तो चांगला चालक असला तरी धडकणार, आणि ती धडक तुमच्या मानेला बसणार. वेग वाढवून त्याच्यापासून सुटायला बघू नका. तो तेवढाच वेग वाढवून पुन्हा चिकटतो, फक्त आता दोघंही जास्त वेगात असतात.

उपाय उलट्या दिशेला आहे. मागची जागा तुमच्या हातात नसते, पुढची असते. पुढचं अंतर तीनवरून पाच-सहा सेकंदांवर न्या. आता पुढे काही झालं तर तुम्हाला ब्रेक दाबून धरावा लागत नाही. लांबवर, हळूहळू वेग कमी करता येतो, आणि मागच्याला न कळत का होईना, वेळ मिळतो. तुम्ही दोन गाड्यांसाठी मिळून अंतर ठेवताय असं समजा. वेग कमी करायच्या आधी ब्रेकच्या पॅडलवर पाय नुसता टेकवा, दिवे लागतील एवढाच, दोन-तीनदा. यानं गाडी मंदावत नाही, पण मागच्याचं लक्ष जातं.

मग त्याला जाऊ द्या. लेन बदलता येत असेल तर बदला. एकाच लेनचा रस्ता असेल तर रुंद जागा येईपर्यंत वेग स्थिर ठेवा, तिथे इंडिकेटर देऊन कडेला घ्या. वेग मुद्दाम अगदी कमी करून त्याला डिवचू नका. तो वैतागला की चुकीच्या ठिकाणी ओव्हरटेक करतो, आणि समोरून कुणी आलं तर त्याला घुसायला तुमच्याच पुढची जागा असते.

एक तयारी घरूनच करून निघायची. सीटच्या वरची डोक्याची उशी तिच्या वरच्या कडेनं डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवी, आणि डोकं व उशीमधलं अंतर चार-पाच बोटांपेक्षा जास्त नको. अनेक गाड्यांत ती सगळ्यात खाली दाबलेली असते आणि मानेला टेकते. मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते, डोकं मागे राहतं आणि मान त्या खालच्या उशीवरून मागे मोडते.

सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडा. मागून कुणी सुसाट येताना दिसलं किंवा पुढची गाडी बंद पडली तर तेवढ्यातून बाहेर निघता येतं. वाहत्या रस्त्यावर अचानक कोंडी लागली आणि तुम्ही रांगेत शेवटचे असाल, तर मागे दोन-तीन गाड्या थांबेपर्यंत चारही इंडिकेटर चालू ठेवा आणि नजर आरशात ठेवा. पावसात किंवा धुक्यात गाडी चालवताना मात्र ते लावू नका. तुम्ही वळताय हे मग कुणालाच कळत नाही.

न दिसणारे आणि न बघणारे

‘अचानक कुठून आला कोण जाणे’ असं ज्याच्याबद्दल म्हणतो, तो बरेचदा आधीपासून तिथेच असतो, आपल्या आरशाबाहेर. बहुतेकांच्या बाजूच्या आरशांत निम्मी जागा स्वतःच्याच गाडीनं व्यापलेली असते. चालकाच्या खिडकीला डोकं जवळजवळ टेकवा आणि त्या बाजूचा आरसा आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवा. मग डोकं गाडीच्या मधोमध, आतल्या आरशाखाली आणा आणि दुसऱ्या बाजूचा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसणार नाही. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं. तपासायला गाडी कडेला उभी करा. मागून येणारी गाडी आतल्या आरशातून निसटली की बाजूच्या आरशात यायला हवी, आणि तिथून जाण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यात. दुचाकी एवढ्यातूनही लपते, म्हणून लेन बदलण्याआधी मान वळवून खांद्यावरून बघायचंच.

पुढच्या काचेच्या बाजूचे दोन खांबही फसवतात. त्यांच्यामागे अख्खी मोटरसायकल लपते, आणि तिची व तुमची चाल जुळली तर ती वळणभर लपूनच राहते. चौकात शिरताना पाठ सीटवरून उचलून डोकं पुढे आणि बाजूला हलवा.

आडव्या रस्त्यावरून कुणी तोंड काढून थांबलं असेल तर त्याच्या डोळ्यांवर किंवा इंडिकेटरवर विसंबू नका, पुढच्या चाकाकडे बघा. गाडीचं धड हलतंय हे कळण्याआधी चाकातल्या आऱ्या सरकलेल्या दिसतात. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नुसता तरंगत ठेवायला एवढी सूचना पुरते, आणि धोका दिसल्यावरचा निम्मा सेकंद वाचतो. हिरवा दिवा लागला की लगेच उसळी घेऊ नका. दोन्ही बाजू बघा, लाल तोडणारा याच सेकंदाला येतो.

फोनवाला चालक मागूनही ओळखू येतो. सिग्नल सुटल्यावर उशिरा हलतो, वेग विनाकारण चढतो-उतरतो, गाडी हळूहळू लेनच्या पट्ट्याकडे सरकते आणि झटक्यात परत येते. त्याच्या बरोबरीनं चालू नका. मागे राहा, किंवा भरपूर जागा असेल तेव्हा एकदाच पुढे निघून जा. हॉर्न थोडका आणि वेळेवर वाजवा. ‘मी इथे आहे’ हे सांगायला अर्धा सेकंद पुरतो. चूक होऊन गेल्यावर दाबून धरलेला हॉर्न नुसतं भांडण असतं.

मोठ्या ट्रकच्या किंवा बसच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. असं लांब वाहन वळण्याआधी कधी उलट बाजूला सरकतं आणि आतल्या बाजूला छान मोकळी जागा दिसते. तिथे शिरू नका. त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि ती जागा बंद होते.

समोरून अंगावर येणारा

ओव्हरटेकचा अंदाज का चुकतो ते आकड्यांत बघा. ट्रक ताशी 60 नं चाललाय, गाडी 80 नं. फरक 20 चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी 12 मीटर, गाडीची 4, आणि आधी-नंतर सोडायचे 25-25 मीटर: एकूण 66. एवढं कापायला 12 सेकंद लागतात. त्या वेळात गाडी साधारण 265 मीटर जाते, आणि समोरून 80 नं येणाराही तेवढाच जवळ येतो. म्हणजे निघताना समोर अर्धा किलोमीटरहून जास्त रस्ता स्वच्छ दिसायला हवा. वळणावर किंवा चढाच्या टोकाला तो कधीच दिसत नाही.

म्हणून समोरून कुणी तुमच्या लेनमध्ये आलं तर तो ओव्हरटेक पुरा करेल असं धरूच नका. लगेच वेग कमी करा, ब्रेक ठाम पण चाकं घसरणार नाहीत असा, आणि आपल्या बाजूच्या कडेकडे सरका. त्याच्या बाजूला कधीच वळू नका, कारण शेवटच्या क्षणी तो स्वतःच्या लेनमध्ये परतायला बघतो. अप्परचे दिवे मारत वेग कायम ठेवणं म्हणजे त्याच्या चुकीवर आपला जीव लावणं. आणि तुम्हालाच कुणी ओव्हरटेक करताना अडकला, तर पाय उचला आणि त्याला आत घ्या. त्याची आणि समोरून येणाऱ्याची धडक झाली तर ती तुमच्यापासून दोन मीटरवर होणार आहे.

रात्री समोरच्यानं अप्पर खाली केला नाही तर एकदाच डिपर देऊन आठवण करा. बदला म्हणून आपला अप्पर लावला तर समोरासमोर येणारे दोघंही आंधळे होतात. नजर आपल्या बाजूच्या कडेच्या पट्ट्यावर न्या, वेग कमी करा. मागच्याचे दिवे डोळ्यांत येत असतील तर आतल्या आरशाखालची दांडी ओढा. पुढची काच आतून पुसलेली असणं इथे फार कामाला येतं, कारण आतला धुरकट थर प्रकाश सगळीकडे पसरवतो.

भांडायला आला तर

गाडीतून उतरायचं नाही. काचा वर, दारं बंद, नजर त्याच्याकडे न रोखता समोर. चूक तुमची झाली असेल तर हात वर करून मान्य करा. बरेच वाद इथेच संपतात. पाठलाग करत असेल तर घरी जाऊ नका, त्याला पत्ता कळतो. पोलीस चौकी किंवा दिवे आणि माणसं असलेली जागा गाठा. शेजारी कुणी बसलं असेल तर पोलिसांना फोन त्यांनी लावायचा.

तक्रार करायची असेल तर पुराव्याला कॅमेरा उपयोगी पडतो. तो आतल्या आरशामागे, वायपर पुसतो त्या भागात लावा. खूप वेळा लिहिलं तरी टिकणारं (‘हाय एन्ड्युरन्स’) मेमरी कार्ड घ्या; साधी कार्डं सततच्या पुन्हा-पुन्हा लिहिण्यानं लवकर खराब होतात, आणि तसं झाल्याचं नेमकं हवं तेव्हा कळतं. तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा. घटना घडली की ती फाइल लॉक करा, नाहीतर कॅमेरा जुन्यावर नवं लिहीत जातो. तक्रारीत गाडीचा नंबर, रंग, ठिकाण, दिशा, वेळ आणि काय केलं ते लिहा. ‘बेफाम चालवत होता’ यापेक्षा ‘अखंड पट्टा ओलांडून वळणावर ओव्हरटेक केला’ या वाक्यावर कारवाई करता येते.

चालवणारा आपल्यातलाच असेल तर

हे सगळ्यात अवघड, कारण अंतर वाढवणं आपल्या हातात नसतं. ‘तुला गाडी चालवता येत नाही’ म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो आणि कधी जास्तच जोरात चालवतो. त्यापेक्षा स्वतःबद्दल आणि नेमकं बोला: ‘मला भीती वाटतेय, पुढच्या गाडीपासून जरा लांब राहा ना.’ एका वेळी एकच गोष्ट मागा. फोन वाजला तर ‘दे, मी बोलतो’ म्हणून हात पुढे करा. ऐकलं नाही तर ‘मला थांबायचंय’ म्हणून सुरक्षित जागी गाडी थांबवायला सांगा आणि उतरा. झोप किंवा दारू दिसत असेल तर एवढंही बोलत बसू नका, किल्ली मागा. ती मिळाली नाही तर बसू नका.

मागे बसला असाल तरी सीटचा पट्टा लावा. मोकळा बसलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा लावलेल्या पुढच्यालाही मारतो. आणि उतरताना दाराजवळच्या हातानं दार न उघडता लांबच्या हातानं उघडा. त्यासाठी खांदा आपोआप वळतो, नजर मागे जाते, आणि मागून येणारी सायकल दार उघडण्याआधी दिसते.