प्रायमरचा साइज बदलताय? प्रोग्रेसिव्ह प्रेसवर या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका टूलरूममध्ये मी पस्तीस वर्षं काढली. डाय उतरवायची, दुसरी चढवायची, पहिला पीस काढून व्हर्निअर लावायचा, जन्मभर एवढंच केलं म्हणा. मागच्या उन्हाळ्यात टेक्सासला भाच्याकडे तीन महिने राहिलो. त्याच्या गॅरेजमध्ये टेबलाला बोल्ट मारून बसवलेलं एक हँडलवालं मशीन दिसलं आणि माझी वेळ घालवायची सोय झाली. भाचा टार्गेट शूटिंगच्या स्पर्धांना जातो आणि लागणारी काडतुसं घरीच भरतो. तिकडे ते कायद्यात बसतं.

इकडे बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून वाचणाऱ्यांनी मात्र हे नुसतं वाचायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, मग ते छंदासाठी असो की शेतात शिरणाऱ्या डुकरासाठी. पण शहापूर-टिळकवाडीची बरीच पोरं आता तिकडे आहेत. त्यातल्या दोघा-तिघांनी भाच्याच्या ओळखीने फोन करून विचारलं, की प्रायमरचा साइज बदलल्यावर मशीन का अडतं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोळी झाडल्यावर उरते ती पितळेची पुंगळी. तिच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात प्रायमर बसतो. प्रायमर म्हणजे दिवाळीतली टिकलीच, फक्त धातूच्या इवल्याशा वाटीत भरलेली आणि टिकलीपेक्षा कितीतरी तापट. भाच्याचं ते हँडलवालं मशीन म्हणजे प्रोग्रेसिव्ह प्रेस. तिच्यावर हँडलच्या एका फेऱ्यात सगळ्या स्टेशनांवरची कामं एकदम होतात. एकीकडे वापरलेला प्रायमर निघतो, पुढे नवा बसतो, त्याच्या पुढे पावडर पडते, मग बुलेट बसते. (पावडरला आपल्याकडे दारू म्हणतात. गॅरेजमधून मी बायकोला फोनवर ‘दारू सांडली’ म्हणालो, त्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.)

नेहमीच्या प्रायमरचे साइज दोन. लहानाचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे ४.४५ मिमी. मोठ्याचा ०.२१० इंच, म्हणजे ५.३३ मिमी. ९ एमएम आणि .३८ स्पेशल या काडतुसांना लहान लागतो, .४४ मॅग्नमला मोठा, .४५ एसीपीलाही सहसा मोठाच. भाचा नऊ एमएम भरून झालं की पंचेचाळीसवर जातो. हा बदल आठ-दहा मिनिटांचा, पण त्यानंतरचा अर्धा तास दर वेळी वैतागात जायचा. दोन-तीनदा शेजारी बसून बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, की नवीन काय चढवायचं ते त्याला पाठ होतं. गोंधळ व्हायचा तो जुनं काहीतरी मशीनवर राहून गेल्यामुळे. पॉवर प्रेसवरही असंच असतं.

नळी रिकामी केली, पण खालचा राहिला

प्रायमर उभ्या नळीत एकावर एक रचलेले असतात, साधारण शंभर. नळी काढून उलटी केली की लोक म्हणतात झालं. पण नळीच्या खाली सरकपट्टी असते, काही प्रेसवर गोल फिरणारी तबकडी असते. तिच्या कपात एखादा प्रायमर आधीच उतरलेला असतो. हँडल दोन-तीनदा रिकामं चालवून तो बाहेर काढल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

मोठा प्रायमर लहान नळीत जातच नाही, त्यामुळे ती चूक आपोआप पकडली जाते. उलट बाजूची चूक लबाड आहे. लहान प्रायमर मोठ्या नळीत सहज पडतो. त्याचा व्यास ४.४५, उंची जवळपास ३ मिमी. शाळेतल्या पायथागोरसने कर्ण काढा, ५.३७ येतो. मोठ्या नळीचं भोक ५.३३ च्या प्रायमरसाठी किंचित सैल ठेवलेलं असतं. म्हणजे लहान प्रायमरला तिरकं होऊन अडकायला नेमकी पुरेल एवढी जागा मिळते. वर नव्वद प्रायमर बसलेले आणि खाली हा पाचर मारून.

अशा वेळी वरून सळई घालून ठोसायचं नाही. ही एक ओळ तेवढी ठळक अक्षरात लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावा. एक प्रायमर फुटला तर नळीतले बाकीचे त्याच्या मागोमाग फुटू शकतात. नळीभोवती जे जाड लोखंडी कवच देतात ते त्यासाठीच असतं. ते काढून ठेवायचं नाही. अडकलेली नळी मशीनवरून उतरवा, तोंड माणसांकडे नको, आणि कंपनीला विचारा. नळी फार महाग नसते.

काढलेले प्रायमर ज्या डब्यातून आले त्याच डब्यात परत. काचेच्या बरणीत एकत्र ओतून ठेवू नका. कारखान्यातून ते एकेका खणात येतात, ते दिसायला नीटनेटके असावेत म्हणून नव्हे.

अर्धाच सेट बदलला

नळी, कप, प्रायमर खालून ढकलून बसवणारा पंच, आणि प्रायमर उचलायच्या लांब नळ्या, हे सगळं एका साइजचं कुटुंब आहे. लहानाचा सेट वेगळा, मोठ्याचा वेगळा. नळी बदलली आणि पंच जुनाच राहिला तर काय होतं? मोठा पंच लहान खळग्यात शिरत नाही, बुडाला टेकून थांबतो. त्यामुळे प्रायमर पूर्ण आत जात नाही. उलट, लहान पंच मोठ्या प्रायमरखाली आला तर प्रायमर डुलतो, तिरका बसतो आणि मधोमध गोल खड्डा पडतो. बुडावर असा ठसा दिसला की पंच बघा, बाकी काही उघडू नका.

भाच्याकडे हे सगळे सुटे भाग एकाच प्लास्टिकच्या पिशवीत होते. मी जाताना नेलेल्या कुंद्याचे दोन डबे रिकामे झाले होते. एकावर ‘लहान’, दुसऱ्यावर ‘मोठा’ लिहिलं. काम सुरू करायच्या आधी एक डबा भरलेला आणि एक पूर्ण रिकामा दिसला पाहिजे. दोन्हीत काहीतरी उरलं असेल तर मशीनवर खिचडी आहे.

पुंगळ्या न निवडणं

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं.

शनिवारी सकाळी पंचेचाळीसचं काम चालू होतं. सातवा-आठवा पीस असेल. बहुतेक प्रेसवर हँडल खाली ओढून वर आणलं की शेवटी थोडं पुढे ढकलायचं असतं, तेव्हा प्रायमर बसतो. त्या ढकलण्यात हँडल अडलं. भाच्याने दुसरा हात लावला आणि अंग टाकायला लागला. ‘थांब की बा!’ मी जवळजवळ किंचाळलोच.

‘मामा, कधीकधी घट्ट जातं.’

‘घट्ट जाणं वेगळं आणि अडणं वेगळं. सोड हात.’

पुंगळी हळूच सरकवून काढली. प्रायमरची चंदेरी वाटी एका बाजूने चेमटली होती, पायाखाली आलेल्या भातुकलीतल्या वाटीसारखी. कड दुमडून खळग्याच्या काठावर चढलेली. अर्धा आत, अर्धा बाहेर. शेजारी दुसरी पुंगळी उपडी ठेवली तेव्हा कळलं, हिचा खळगाच लहान होता. .४५ एसीपीला मोठा प्रायमर हा जुना रिवाज, पण काही कंपन्या याच काडतुसाला लहान प्रायमरचा खळगा करतात. शूटिंग रेंजवरून वेचून आणलेल्या ढिगात दोन्ही येतात. भाच्याने सेटिंग अगदी बरोबर केलं होतं, पण माल मिसळीचा होता.

तो दाब आणखी थोडा वाढला असता तर काय, ते दोघांनाही कळत होतं. त्यानंतर त्याने न सांगता गॉगल घातला. तोपर्यंत तो कपाळावर होता.

पुंगळ्या निवडणं फार सोपं आहे. ट्रेमध्ये सगळ्या उपड्या, बुडं वर करून ठेवा. दोन व्यासांत ०.९ मिमीचा फरक आहे. एकटी पुंगळी बघून कळत नाही, पण पन्नासात एखादी लहान असेल तर डाळीतल्या खड्यासारखी दिसते. प्रायमर आधीच काढलेल्या पुंगळ्या असतील तर ५ मिमीच्या ड्रिलची गुळगुळीत बाजू खळग्यात घालून बघा. मोठ्यात जाते, लहानात जात नाही. झालं गो-नोगो गेज, पैसे शून्य.

हँडल अडायचं दुसरं कारण म्हणजे लष्करी पुंगळ्या. त्यांच्या प्रायमरभोवती पितळ दाबून कड आवळलेली असते. जुना प्रायमर निघाला तरी ती कड तिथेच राहते आणि नव्याला आत जाऊ देत नाही. ५.५६ च्या रायफल पुंगळ्यांत हे हमखास. कड आधी वेगळ्या टूलने काढून घ्यावी लागते.

चेमटलेला प्रायमर असलेली पुंगळी बाजूला ठेवायची. ठोकून, खुपसून तो बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. आणि तेलात बुडवला म्हणजे मेला असंही समजू नका.

व्यास जुळला, प्रकार चुकला

पिस्तुलाचा लहान आणि रायफलचा लहान, दोघांचा व्यास एकच. दोन्ही त्याच नळीतून निमूट उतरतात आणि त्याच पंचने बसतात. मशीन तक्रार करत नाही. पण रायफलच्या प्रायमरची वाटी सहसा जाड असते, कारण तिथे दाब जास्त. पिस्तुलाचा प्रायमर रायफलच्या काडतुसात गेला तर वाटीला भोक पडून गरम वायू मागे येऊ शकतो. मोठ्यांत आणखी एक फरक आहे. रायफलचा मोठा प्रायमर पिस्तुलाच्या मोठ्यापेक्षा सुमारे ८ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उंच असतो, त्यामुळे पिस्तुलाच्या खळग्यात तो वर डोकावतो. उपाय एकच, काम चालू असताना टेबलावर प्रायमरचं एकच खोकं. दुसरं कपाटात, कपाट बंद.

कचरा

सरकपट्टी बदलायला उघडलीच आहे तर खालची जागा कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पावडरचे दाणे तिथे जाऊन बसतात आणि पट्टी पूर्ण मागे जात नाही. मग प्रायमर उचललाच जात नाही, पुंगळी रिकाम्या बुडाने पुढे जाते, पुढच्या स्टेशनला तिच्यात पावडर पडते आणि भोकातून खाली गळते. म्हणजे आणखी दाणे. सुरुवातीला एक पीस चुकतो, थोड्या वेळाने चार. तेल घालायचा मोह होतो, पण तेलाला दाणे चिकटतात. तिथे कोरडंच बरं.

मध्येच थांबलात तर

प्रायमर अडला, मशीन थांबलं, दुरुस्त केलं, पुन्हा सुरू. या मधल्या वेळात बाकीच्या स्टेशनांवर अर्धवट पुंगळ्या उभ्या असतात. एकीत पावडर पडली आहे की नाही, हे तुम्हाला नक्की आठवत नाही. आठवतं असं वाटतं, एवढंच. दोनदा पावडर पडली तर बंदूक फुटू शकते. पडलीच नाही तर बुलेट बंदुकीच्या नळीतच अडकते आणि मागून दुसरी झाडली तरी बंदूक फुटू शकते. म्हणून मध्ये थांबलात की सगळ्या पुंगळ्या उतरवा, पावडर परत ओता, पहिल्यापासून सुरू करा. चार पुंगळ्यांचं काम वाया गेलं तर जाऊ दे.

पहिले पीस

साइज बदलल्यावर पहिल्या फेऱ्या रिकाम्या चालवायच्या, ना प्रायमर ना पावडर. पट्टी पूर्ण जाते-येते का, पंच शेलप्लेटच्या (पुंगळ्या धरून फिरणाऱ्या चकतीच्या) खाचेत मधोमध वर येतो का, ते बघायचं. मग पावडर बंद ठेवून आठ-दहा पुंगळ्यांत नुसते प्रायमर बसवायचे. बुडावरून बोट फिरवलं तर प्रायमर किंचित आत लागला पाहिजे, ३ ते ५ थाउ. सपाट काचेवर पुंगळी उभी करून हलवा, डुलली तर प्रायमर वर आहे. हे पीस मग बाजूला. घाईत लगेच पुन्हा मशीनवर चढवायचे नाहीत.

आता भाचा शनिवारी फोन लावतो. त्याची सकाळ, आमचं जेवण उरकून बसायची वेळ. मागच्या महिन्यात पंधरा पीस रांगेत ठेवून कॅमेरा फिरवला. ‘मामा, सगळं बदललंय, डबा रिकामा आहे, तरी काही प्रायमर वर येतायत.’

‘कितवे?’

‘म्हणजे?’

‘मोज की.’

तिसरा, आठवा, तेरावा. त्याच्या शेलप्लेटला पाच खाचा आहेत. दर पाचवा पीस चुकत असेल तर दोष पुंगळीत नाही, एका ठराविक खाचेत आहे. पुंगळीचा दोष असता तर कुठेही, कसाही आला असता. त्याने प्लेट उघडली. एका खाचेच्या तळाशी पितळेचा केसाएवढा कीस चिकटला होता. तो काढला, प्लेटचा बोल्ट आवळला, बोल्ट ढिला होऊ न देणारा ग्रब स्क्रू लावला आणि आणखी पंधरा काढून दाखवले. तेवढ्यात आमच्याकडे लाईट गेली आणि फोन कटला.