धारक भिंतीवरील मातीच्या दाबाचे संगणकीय मॉडेल कसे करावे

मॉडेल उभे करण्याआधी तेच गणित हाताने सोडवून ठेवावे, म्हणजे संगणकाचे उत्तर कशाशी ताडून पाहायचे हा प्रश्न उरत नाही. समजा, भिंत ६ मीटर उंच आहे आणि तिच्या मागे कोरड्या वाळूचा सपाट भराव असून त्याचे एकक वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन व घर्षणकोन (वाळूचे कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात याचे माप) ३० अंश आहे. रँकिनच्या १८५७ मधील सिद्धांतानुसार सक्रिय दाबाचा, म्हणजे भिंत किंचित बाहेर सरकल्यावर उरणाऱ्या दाबाचा, गुणांक (आडव्या दाबाचे उभ्या दाबाशी गुणोत्तर) एक-तृतीयांश येतो आणि भिंतीच्या दर मीटर लांबीवर १०८ किलोन्यूटन जोर पडतो. भिंत तसूभरही हलली नाही, तर गुणांक सुमारे ०.५ होऊन हाच जोर १६२ वर जातो. मातीचा रेटा भिंतीच्या हालचालीवर ठरतो, आणि मॉडेल करायचे ते मुख्यतः यासाठीच.

भिंत लांब असल्यास तिचा एकच उभा छेद घेणे पुरते. मॉडेलच्या बाजूच्या सीमा भिंतीपासून उंचीच्या काही पट दूर ठेवाव्यात, तिथे फक्त आडवी हालचाल रोखावी, तळाशी मात्र दोन्ही दिशांनी. गणितासाठी छेदाचे लहान तुकडे पाडणारी जाळी भिंतीलगत आणि पायथ्याशी बारीक असावी.

सुरुवातीला मोहर-कुलोम प्रतिमान, म्हणजे माती एका मर्यादेपर्यंत लवचिक राहते आणि त्यापुढे घसरते असे मानणारे, पुरेसे आहे. मातीचे वजन लवचिक अवस्थेत लागू केल्यास आडवा दाब पॉयसन गुणोत्तरावर (उभे दाबल्यावर माती आडवी किती फुगते याच्या मापावर) ठरतो, ते ०.३ धरले की गुणांक ०.४३ येतो, ०.५ नव्हे, म्हणून सुरुवातीचा दाब तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता भिंत आणि माती यांच्यामधला संपर्कपृष्ठाचा घटक घर्षणरहित ठेवून भिंत थोडीथोडी बाहेर सरकवावी. जोर १६२ वरून उतरत १०८ च्या आसपास स्थिरावला पाहिजे. घट्ट वाळूत त्यासाठी उंचीच्या एक-हजारांशाइतकी, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर हालचाल बहुधा पुरते. तसे झाले नाही, तर आधी संपर्कपृष्ठ आणि सीमा तपासाव्यात. ही चाचणी मी कधीच टाळत नाही. त्यानंतरच भिंतीवरचे घर्षण घर्षणकोनाच्या दोन-तृतीयांश धरावे आणि भराव प्रत्यक्षात जसा थरांनी पडतो, तसाच टप्प्याटप्प्याने घालावा.

शेवटचा टप्पा पाण्याचा, आणि निष्काळजीपणा इथेच सर्वांत महाग पडतो. निचरा तुंबून पाणी माथ्यापर्यंत चढले, तर एकट्या पाण्याचा जोर १७७ किलोन्यूटन होतो आणि बुडालेल्या मातीचा रेटा त्यात आणखी मिळतो. म्हणून निचरा चालू असताना आणि तुंबलेला असताना, अशा दोन्ही स्थिती सोडवून भिंतीची जाडी दुसऱ्या स्थितीवरही तपासावी.