इंदूरच्या गच्चीवर पॅरिसचा शॅम्पेन कॅफे

मी हॉटेलात बार सांभाळतो. त्यामुळे थंडी पडली की राजेंद्रनगरातून कुणाचा तरी फोन ठरलेला: "दादा, लग्नाचा वाढदिवस आहे, गच्चीवर पॅरिससारखं काहीतरी करायचंय."

आधी सांगतो, आयफेल टॉवरचा फ्लेक्स लावू नका. पॅरिसच्या कॅफेत छोटी गोल टेबलं असतात, वेताच्या खुर्च्या असतात आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे. तुम्हीही खुर्च्या कठड्याकडे वळवा, खालची रहदारी बघत बसा. मेन्यू खडूने पाटीवर लिहा. डीजे नको.

शॅम्पेन म्हणायचं ते फक्त पॅरिसच्या पूर्वेला, साधारण 150 किलोमीटरवरच्या शॅम्पेन प्रांतातल्या वाइनला. ती महाग पडते. नाशिकची सुला ब्रूट किंवा शाँदाँसुद्धा तशीच, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून करतात. पाहुणे जास्त असतील तर सरळ नाशिकची घ्या, कुणी नाक मुरडणार नाही. लेबलवर 'ब्रूट' बघा, म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' नावावर जाऊ नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. 750 मिलीच्या बाटलीत सहा ग्लास होतात, त्या हिशोबाने आणा.

गार करायला आजीचं तांब्याचं घंगाळ काढा. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही, पाणी हवंच. 8 ते 10 अंश पुरे.

आता उघडणं, इथे घाई करायची नाही. आत सुमारे 6 वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. वरचा कागद सोला आणि तेव्हापासून अंगठा बुचावरून हलवू नका. तारेची कडी सहा अर्धे वळसे फिरवून सैल करा, पण तार काढू नका. वर नॅपकिन टाका, बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट पकडून फिरवायची ती बाटली. बूच वर सरकायला लागलं की उलट दाबून धरा, हळूच 'फुस्स' व्हायला हवं. कोणीतरी भिया, म्हणजे आपला इंदुरी भाऊ, "हलवून उडवा ना!" म्हणेलच. त्याला गराडू, म्हणजे तळून खायचा कंद, तळायला बसवा.

कारण खरी मजा गराडूचीच. ब्रूटचा आंबटपणा आणि बुडबुडे तळणाचं तेल जिभेवरून साफ करतात. कढईतून काढलेले गरम, कडेने कुरकुरीत तुकडे, वर मीठ आणि जरासाच जीरावन मसाला. जीरावन सढळ पडलं तर तिखटाने दारू घशाला जास्त झोंबते. म्हणून लवंगाची रतलामी शेव बाजूला ठेवा, साधी बारीक शेव चालेल. सराफा बाजारातला जलेबा, म्हणजे मोठी जिलबी, आणलात तर तो शेवटी कॉफीबरोबर, नाहीतर गोडावर ब्रूट नुसती आंबट लागते.

न पिणाऱ्यांना लिंबू-सोडा त्याच उंच ग्लासात द्या, स्टीलच्या पेल्यात नाही. आत्या खूश होते.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा उलटा टाकून काही उपयोग नाही. स्पार्कलिंग वाइनचं कडीवालं झाकण मिळतं, ते लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.