ग्लॉक १९ रोज जवळ बाळगताना: आधी भरवसा, मग बदल

ग्लॉक १९ हे पिस्तूल १९८८ पासून बाजारात आहे. ९ मि.मी.चं काडतूस, १०२ मि.मी.ची नळी, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या आणि रिकाम्या मॅगझिनसह पाऊण किलोहून कमी वजन. यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे इतके सुटे भाग मिळतात की मूळ पिस्तुलाचा एकही तुकडा न वापरता अख्खं पिस्तूल जोडता येईल. रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) अडकणारी बरीच ग्लॉक पिस्तुलं अशीच असतात: कारखान्यातून नीट निघालेली आणि नंतर घरी 'सुधारलेली'. म्हणून पुढच्या सगळ्या सल्ल्यामागे एकच नियम आहे. गोळी झाडण्याच्या यंत्रणेत कारखान्याचेच भाग ठेवा. पैसे खर्च करायचे ते मॅगझिन, नेम (नेम धरायच्या खुणा, म्हणजे साइट), होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि काडतुसांवर.

हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात ९ मि.मी. पॅराबेलम हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे. अमेरिकेतही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याचा कायदा बंदूक किंवा काडतुसं बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. मॅगझिनची मर्यादाही राज्यागणिक बदलते: कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत १० गोळ्या, कोलोरॅडोत १५. पिस्तूल घेऊन राज्याची हद्द ओलांडायची असेल तर पलीकडचा नियम आधी बघून घ्या.

नवीन पिस्तुलाची पारख

विकत आणल्यावर काहीही न बदलता आधी झाडून बघा. सरावाच्या साध्या ११५ किंवा १२४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या गोळ्या किमान २००, आणि जी गोळी रोज भरणार आहात त्या पोकळ टोकाच्या किमान ५०, जमल्यास १००. प्रत्येक मॅगझिन निदान दोनदा पूर्ण भरून रिकामं करा. मॅगझिनच्या बुडावर रंगाने किंवा पेनाने आकडा टाका. हे काम फुकटात होतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण अर्धस्वयंचलित पिस्तूल अडकलं की पहिला संशयित मॅगझिन असतं. तीन मॅगझिनांपैकी २ नंबरचंच दरवेळी अडकत असेल तर पिस्तूल उघडायची गरज नाही. ते मॅगझिन सरावालाही ठेवू नका. त्याची स्प्रिंग बदला किंवा ते बाद करा.

काय झालं ते नीट बघायला शिका. रिकामी पुंगळी स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) फटीत उभी अडकली तर बहुतेक वेळा मनगट सैल असतं किंवा काडतूस कमजोर असतं. पिस्तुलाच्या मुठीला धक्का पेलायला ठाम आधार नसला की स्लाइड पूर्ण मागे जातच नाही. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहत नसेल तर स्प्रिंगला दोष देण्याआधी अंगठा कुठे आहे ते पाहा. उंच पकड घेणाऱ्यांचा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणारी कळ) दाबला जातो आणि तो वर उचललाच जात नाही. दुसऱ्याने त्याच पिस्तुलाने तेच मॅगझिन झाडावं. त्याच्या हातात ठीक चाललं तर दुरुस्ती पकडीची करायची. स्लाइड पुढे येताना शेवटचे दोन-तीन मिलिमीटर राहत असतील तर चेंबरमधला (नळीचा मागचा भाग, जिथे गोळी बसते) मळ, सुकलेलं वंगण किंवा थकलेली रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुढे ढकलणारी) यांच्याकडे वळा.

उघडणं, पुसणं, तेल

ग्लॉक उघडण्यासाठी ट्रिगर ओढावाच लागतो, आणि साफसफाई करताना गोळी सुटण्याचे अपघात होतात ते इथेच. क्रम चुकवू नका. मॅगझिन आधी बाहेर. मग स्लाइड पूर्ण मागे ओढून चेंबरमधली गोळी काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी आत घालून चाचपा. मॅगझिन आधी काढलं नाही तर स्लाइड ओढताच पुढची गोळी पुन्हा चेंबरमध्ये जाते. गोळ्या त्या खोलीतच नकोत. आता स्लाइड पुढे सोडा आणि नळी सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर ओढा. स्लाइड साधारण ३ मि.मी. मागे घ्या, त्याहून जास्त नाही. जास्त गेली तर ट्रिगर पुन्हा पुढे येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तेवढ्यात दोन्ही बाजूंचे स्लाइड लॉक खाली ओढून धरा आणि स्लाइड पुढे सरकवून काढा.

तेल थेंबाने मोजायचं. नळीच्या बाहेरून पुसट हात, नळीच्या वरच्या चौकोनी भागावर एक थेंब, स्लाइडच्या खोबणींत एकेक थेंब, आणि फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात जिथे ट्रिगर बार (ट्रिगरला जोडलेली पट्टी) कनेक्टरला घासतो तिथे एक. बस्स. स्ट्रायकरच्या (गोळी उडवणारी सुई) नळीत तेल अजिबात नको. तिथे तेल गेलं की जळालेल्या दारूची राख त्यात मिसळून चिखल होतो, स्ट्रायकर मंदावतो आणि प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) ठोका हलका पडतो. मॅगझिनच्या आतही तेल नको. कोरडं पुसून ठेवा.

जोडल्यावर रिकाम्या पिस्तुलाने दोन तपासण्या करा. पहिली: ट्रिगर ओढा, दाबूनच धरा, स्लाइड मागे-पुढे करा, मग ट्रिगर हळू सोडा; 'टिक' असा आवाज आणि बोटाला स्पर्श जाणवला पाहिजे. दुसरी स्प्रिंगची: नळी ४५ अंशांत वर धरा, ट्रिगर दाबलेला, स्लाइड मागे घ्या आणि हाताने अगदी सावकाश पुढे येऊ द्या. स्लाइड पूर्ण बंद न होता अलीकडे थांबली तर रिकॉइल स्प्रिंगचा संच बदला. तपासणीत उत्तीर्ण झाली तरी पाचव्या पिढीच्या पिस्तुलात साधारण ५,००० गोळ्यांनंतर ती बदलणं शहाणपणाचं. संच स्वस्त आहे आणि बसवायला हत्यार लागत नाही.

जे बदलावं

कारखान्यातून येणारा प्लास्टिकचा नेम सगळ्यात आधी काढा. ती केवळ जागा भरायला बसवलेली वस्तू वाटते. होल्स्टरमध्ये घासून कडा झिजतात आणि पुढचा ठिपका मागच्या चौकटीपेक्षा उठून दिसत नाही. पोलादी नेम घ्या: पुढे रंगीत वलय आणि ट्रिटियम (अंधारात स्वतः चमकणारं), मागे साधा काळा. पुढचा नेम आतून एका स्क्रूवर असतो. त्याला ३/१६ इंची, पातळ भिंतीचा षट्कोनी पाना लागतो. साधा पाना जागेत बसत नाही. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब. मागचा नेम ढकलायला साइट पुशर वापरा. हातोडी आणि पितळी दांड्याने जमतं, पण नवा नेम वाकडा बसला की पुन्हा ठोकाठोकी होते आणि स्लाइडवर ओरखडे पडतात. हे काम बंदूक दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलेलं बरं.

लाल ठिपक्याची दुर्बीण लावायची असेल तर एमओएस प्रकारचंच (स्लाइडवर दुर्बीण बसवायची सोय असलेलं) पिस्तूल घ्या. ट्रिजिकॉन कंपनीच्या आरएमआर दुर्बिणीसाठी २ क्रमांकाची प्लेट लागते. होलोसन कंपनीच्या ५०७सी दुर्बिणीचं बूडही त्याच मापाचं आहे. कारखान्याच्या पातळ प्लेटऐवजी पोलादाची पक्क्या घडणीची प्लेट घेतली तर स्क्रू सैल होण्याचा त्रास बराच कमी होतो. आता महत्त्वाचा भाग, तो म्हणजे स्क्रूची लांबी. स्लाइडमध्ये उजवीकडच्या भोकाखाली एक्सट्रॅक्टरचा (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) प्लंजर असतो. उजवा स्क्रू गरजेपेक्षा एखादा मिलिमीटर लांब असला तरी तो आत जाऊन प्लंजर दाबतो, एक्सट्रॅक्टर हलेनासा होतो आणि पुंगळ्या अडकू लागतात. वरून काहीच दिसत नाही. म्हणून 'दुर्बीण लावल्यापासून पिस्तूल बिघडलं' असं कुणी म्हटलं की आधी तो उजवा स्क्रू काढून मोजा. स्क्रू बसवल्यावर एक्सट्रॅक्टर बोटाने दाबून बघा: दबून परत आला पाहिजे.

बसवताना भोकं आणि स्क्रू अल्कोहोलने पुसून तेलमुक्त करा, निळं थ्रेडलॉकर लावा आणि टॉर्क पान्यानेच आवळा. आरएमआरला १२ इंच-पाउंड पुरतात. मनगटाच्या अंदाजाने आवळलं की एकतर स्क्रू तुटतो नाहीतर सुटतो. २४ तास सुकू द्या. स्क्रूच्या डोक्यापासून दुर्बिणीच्या कवचावर रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे लांबूनही कळतं. आरएमआरमध्ये सीआर२०३२ सेल खालून बसतो, म्हणजे बदलताना दुर्बीण उतरवून पुन्हा नेम जुळवावा लागतो. ५०७सीमध्ये सीआर१६३२ बाजूच्या खणात जातो. रोज बाळगणाऱ्यासाठी बाजूचा खण खरोखर सोयीचा. सेल वर्षातून एकदा बदला, ठिपका दिसत असला तरी.

पिस्तुलाला लावायच्या दिव्याची गरज प्रत्येकाला नसते. लावणार असाल तर स्ट्रीमलाइटचा टीएलआर-७ए कपड्याखाली मावतो. मात्र आधीचं होल्स्टर बाद होतं. होल्स्टर त्या पिस्तूल-दिव्याच्या जोडीसाठीच घडवलेलं हवं.

आणि होल्स्टरवर कंजुषी नको. कायडेक्सचं (एक कडक प्लास्टिक), ट्रिगरभोवतीचं कडं पूर्ण झाकणारं, पिस्तूल काढल्यावर तोंड उघडंच राहणारं. मऊ पडलेल्या चामड्याची कड आत वळून ट्रिगरला लागते आणि पिस्तूल परत ठेवताना गोळी सुटते. जॅकेटची दोरी किंवा शर्टाचं टोकही तेच करतं. परत ठेवताना घाई कधीच नसते: कपडा पूर्ण बाजूला, नजर होल्स्टरवर, बोट ट्रिगरपासून दूर. पोटाच्या बाजूला बाळगणाऱ्यांनी स्ट्रायकर कंट्रोल डिव्हाइस जरूर लावावं. ते स्लाइडच्या मागच्या झाकणाच्या जागी बसतं. ट्रिगर हलला की ते मागे उचलतं आणि ठेवताना त्यावर टेकलेल्या अंगठ्याला लगेच कळतं.

जे बदलू नये

मूळ ट्रिगर सुमारे २.५ किलोवर सुटतो आणि बाळगण्याच्या पिस्तुलाला तो योग्य आहे. हलका ट्रिगर विकणारे बऱ्याचदा स्ट्रायकरची स्प्रिंगही हलकी देतात. तिने ठोका कमजोर होतो आणि कडक प्रायमरची गोळी उडतच नाही. काही संचांत ट्रिगर बारची घडण अशी बदललेली असते की पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून असलेली पकड कमी होते. ट्रिगर सुधारायचाच असेल तर रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने सराव करा.

बाहेरची नळीही सहसा नको. स्पर्धेच्या नळ्यांचं चेंबर घट्ट असतं. मळ साचल्यावर त्यात गोळी पूर्ण बसत नाही. कॉम्पेन्सेटर (नळीच्या टोकाला लावायचा, धक्का कमी करणारा भाग) लावला की सरावाच्या कमजोर गोळ्यांनी स्लाइड पुरेशी मागे जात नाही, मग हलकी स्प्रिंग घालावी लागते, आणि ती घातली की जोरकस गोळीला ती कमी पडते. टंगस्टनचे गाइड रॉड, रंगीत स्लाइड कव्हर यांनी पाकीट हलकं होतं, एवढंच.

काहीही बदललं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा २०० गोळ्या झाडून मगच बाळगा. चार भाग एकदम बदलले आणि पिस्तूल अडकलं तर दोषी कोण ते सापडत नाही.

भरलेल्या गोळीची काळजी

रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तीच गोळी पुन्हा चेंबरमध्ये घालणाऱ्यांनी हे वाचावं. दरवेळी चेंबरकडे नेणाऱ्या उताराला आपटून गोळीचं टोक पुंगळीत थोडं थोडं आत सरकतं. पुंगळीतली जागा घटली की दाब वाढतो, आणि ९ मि.मी.मध्ये मुळात जागा कमीच. नव्या गोळीशेजारी ती उभी करून बघा. बुटकी दिसली तर वेगळी काढा आणि सरावालाही वापरू नका. गोळीची जागा फिरवत राहा. त्याहून चांगलं म्हणजे पिस्तूल होल्स्टरसकट काढून कुलपाच्या पेटीत तसंच ठेवा. हाताळणी जितकी कमी तितका धोका कमी. घरात मुलं असतील तर कुलपाला पर्याय नाही.

रेंजची बॅग फक्त रेंजसाठीच ठेवा. तिच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस घेऊन कुणी भारतात उतरलं किंवा परत निघालं तर विमानतळावर शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. 'चुकून राहिलं' हे खरं असलं तरी ते पोलीस ठाण्यात आणि मग कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.