मेडिक्लेमची वजावट: धंदेवाल्या नवरा-बायकोंनो, या चुका टाळा

आयकर रिटर्नचा हंगाम आला की कोल्हापुरातल्या उद्यमनगर, गुजरी, राजारामपुरीतून माणसं पिशवीत कागद कोंबून माझ्याकडं रिटर्न भरायला येतात आणि टेकायच्या आधीच विचारतात, "मेडिक्लेम धरलासा न्हवं?" म्हणजे आरोग्य विम्याचा हप्ता करपात्र उत्पन्नातून वजा केला का? पिशवीत पॉलिसीचं चकचकीत पुस्तक असतं. पैसे कुठल्या खात्यातून गेले, त्याचा कागद मात्र नसतो.

सगळ्यात जास्त वजावट बुडते ती इथंच. आयकर कायद्याच्या कलम ८०डीमध्ये स्वतः, नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांसाठी आणखी २५,०००, आणि ते साठीच्या पुढचे असतील तर ५०,०००. आईवडील तुमच्यावर अवलंबून असायलाच हवेत असं नाही. पण ते तुमचे स्वतःचे हवेत.

लेथवर जॉबवर्क करणारे एक गृहस्थ सासू-सासऱ्यांचा ३८,००० रुपयांचा हप्ता दरवर्षी स्वतःच्या करंट खात्यातून भरायचे. दोघंही साठीच्या पुढचे. बायकोचं शिवणकाम जोरात, तिचं रिटर्न वेगळं, तेही जुन्या करपद्धतीत (८०डी मिळते ती) आणि वीस टक्क्यांच्या स्लॅबात. वजावट मिळणार नाही म्हटल्यावर ते माझ्यावरच तापले. "सासू-सासरे म्हणजे आईवडीलच की ओ!" भावना सोळा आणे खरी, पण कायदा जावयाला सासू-सासऱ्यांची वजावट देत नाही. तोच हप्ता बाईंनी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या खात्यातून भरला असता तर सेससह ७,९०४ रुपये कर वाचला असता. "मग आता तिच्या रिटर्नमध्ये टाका," हा त्यांचा पुढचा उपाय. पैसे नवऱ्याच्या खात्यातून गेलेत, तिच्या रिटर्नमध्ये कसे टाकणार? सूनबाईनं सासू-सासऱ्यांचा हप्ता भरला तरी हेच.

म्हणून माझ्याकडच्या जोडप्यांना मी एकच सवय लावतो. त्याच्या आईवडिलांचा हप्ता त्याच्या खात्यातून, तिच्या आईवडिलांचा तिच्या. घरच्या फ्लोटर पॉलिसीचा (सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी) हप्ता ज्याचा कर जास्त, त्यानं भरायचा. एकच पावती दोघांच्या रिटर्नमध्ये लावायची नाही. ही हुशारी करणारेही भेटतात.

हप्ता रोखीनं भरला तर वजावट शून्य. "एजंटाकडं रोख दिले, त्यानं ऑनलाइन भरले" म्हणजे तुमच्या पासबुकात नोंदच नाही. एजंट पाव्हणा असला तरी यूपीआय तुमच्याच मोबाइलवरून करा. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, ५,००० रुपयांपर्यंत, आणि तीही वरच्याच मर्यादेत.

दुसरं दुखणं करपद्धतीचं. नव्या पद्धतीत ८०डी नाही, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते. नोकरदार दरवर्षी इकडून तिकडं जाऊ शकतो. धंदेवाल्याला जुन्या पद्धतीत राहायचं तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा परत नव्यात गेला की धंदा आहे तोवर जुनीचं दार बंद. एका दुकानदारानं मोबाइलवर व्हिडिओ बघत रात्री रिटर्न भरलं. मुदत टळलेली, फॉर्म भरलेला नाही. त्याचा, बायकोचा आणि म्हाताऱ्या आईवडिलांचा सगळा हप्ता त्या वर्षापुरता कोरडा गेला. दहा मिनिटांत रिटर्न भरायची घाई असणाऱ्यांनी खुशाल भरावं, पण आधी दोन्ही पद्धतींनी कर काढून बघावा. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर रिबेटमुळं (करातली सूट) करच लागत नाही. अशा माणसानं ८०डीसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

हप्ता धंद्याच्या खर्चात टाकू नका. प्रोप्रायटरचा, म्हणजे एकट्या मालकाचा, स्वतःचा मेडिक्लेम हा घरखर्च, तो ड्रॉइंगला (मालकानं घरासाठी काढलेले पैसे) जातो. कामगारांचा हप्ता चेकनं भरला तर तो धंद्याचा खर्च. कलम ४४एडीत उलाढालीच्या ठराविक टक्क्यांनी नफा ठोक धरला असला तरी जुन्या पद्धतीत ८०डी वेगळी मिळते, हे कित्येकांना माहीतच नसतं.

दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरलात तर तो एकाच वर्षात धरायचा नाही. पॉलिसी जितक्या आर्थिक वर्षांत चालू, तितके समान भाग. ऑक्टोबर २०२५ला घेतलेली दोन वर्षांची पॉलिसी तीन आर्थिक वर्षांना शिवते, म्हणून तीन भाग.

साखरेमुळं वडिलांना पॉलिसी मिळत नाही? ते साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा कुठलाच आरोग्य विमा नसेल, तर औषधोपचाराचा खर्च ५०,००० पर्यंत धरता येतो. मेडिकलवाल्याला रोख देऊ नका, बिलं जपा.

आणि येताना पॉलिसी नंबर आणा. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नपासून विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर भरल्याशिवाय ८०डीचा तक्ता पुढं सरकत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदललेत. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र ८०डीच.